ड्रायव्हरच्या बाजूचा सेन्सर

“चूप. गिरणी बोलून राह्यली.”

एवढं म्हणून काकाजी गाडीखाली मान तिरपी करायचे आणि रबरी हातोडीनं धुराच्या नळीवरच्या फुगीर डब्यावर हलकेच टकटक करायचे. तेवढ्यापुरतं सारं गॅरेज थांबायचं. ग्राइंडर बंद, रेडिओ बंद, आणि गाडीचा मालक कानावरचा फोन हातात धरून उभा. डब्याच्या आतून बारीक खुळखुळ आली की काकाजी डोळे मिटायचे. “गेली बिचारी. आतली जाळी फुटली.” काही आवाज आला नाही तर म्हणायचे, “जित्ती आहे.” दोन्ही वेळा पुढचं वाक्य मात्र एकच असायचं : “चहा सांगा.”

असा माणूस तुम्हीही कुठंतरी पाहिला असेल. आधी आपल्याला वाटतं की हा नाटक करतो आहे. मग वाटतं, नाटक असेना का, गाडी तर नीट होते. आणि त्याच्याजवळ काही दिवस काढले की ते नाटक आपल्यालाही आवडायला लागतं.

बालाघाटात गोंदिया रोडला आमचं गॅरेज होतं. ‘आमचं’ हा शब्द मी अजून वापरतो. सवय गेलेली नाही. काकाजी तिथले मुख्य मिस्त्री. आधी एका सरकारी खात्याच्या गाड्या त्यांच्या हाताखाली होत्या. निवृत्तीनंतर घरी बसवेना म्हणून ते इथं आले. खाकी रंगाचा शर्ट त्यांनी नोकरी संपल्यावरही सोडला नव्हता. खिशात टेस्टर, चष्मा आणि बडीशेपेची डबी.

मी बी.एस्सी. करून घरी होतो. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. वडील लालबर्र्याच्या एका राइस मिलमध्ये पोती उचलायला जात. ‘माहा पोरगा सायन्सवाला आहे,’ असं ते मिलमधल्या प्रत्येकाला सांगत, आणि त्या सायन्सचं पुढं काय करायचं हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. गॅरेजच्या मालकांनी गाडीतला बिघाड वाचणारं स्कॅनर यंत्र आणलं होतं. त्याच्या पडद्यावरचं सारं इंग्रजीत येई. ते वाचायला कोणीतरी हवं होतं, म्हणून मला ठेवून घेतलं. पहिल्या दिवशी काकाजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“काय शिकला?”

“फिजिक्स, केमिस्ट्री, गणित.”

“लगन झालं?”

“नाही.”

“मंग बस खाली.”

लग्नाचा आणि खाली बसण्याचा काय संबंध, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. पण मी त्यांच्या शेजारी फरशीवर बसलो, आणि माझं खरं शिक्षण तिथं सुरू झालं. हे मी कृतज्ञतेनं लिहितो. पुढं जे लिहायचं आहे त्यामुळे हे वाक्य खोटं होत नाही.

गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचं पिवळं चित्र पेटलं की लोक आमच्याकडे येत. बहुतेक वेळा दोष एक तर ऑक्सिजन सेन्सरमध्ये असे, नाही तर धूर साफ करणाऱ्या डब्यात. त्या डब्याला कागदोपत्री कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. काकाजी त्याला गिरणी म्हणत, आणि हे नाव त्यांनी माझ्यासाठी ठेवलं होतं की आधीपासून होतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

“तुहा बाप गिरणीत आहे म्हणते?” त्यांनी एकदा विचारलं.

“हौ.”

“मंग तुले लवकर समजन. इंजिनातून धूर निघते, थे समज धान. टरफल, माती, सारं त्याच्यातच. ही गिरणी थे साफ करते. आता कंपनीनं गिरणीवर दोन माणसं बसवले. एक दारात, एक मागं. दारातला धान पाह्यते, मागचा तांदूळ पाह्यते. थे दोन माणसं म्हणजे हे दोन सेन्सर.”

मग त्यांनी मला टॉर्च दिला आणि गाडीखाली पाठवलं. पुढचा सेन्सर इंजिनाच्या तोंडाशी, तापणाऱ्या नळीत रुतलेला, मागे वायरीची शेपटी. दुसरा डब्याच्या पलीकडे. दोन्हींना हात लावून ये, म्हणाले. गाडी थंड होती, म्हणून वाचलो. बाहेर आलो तर त्यांनी इंजिन चालू केलं आणि स्कॅनर माझ्या हातात दिला. पडद्यावर दोन रेघा होत्या. पुढच्या सेन्सरची रेघ वरखाली नाचत होती, मागची जवळजवळ सरळ चालली होती.

“दारातला नाचनच. इंजिन कधी पेट्रोल जास्त देते, कधी कमी. मागचा शांत बसला पाह्यजे. मागचाही नाचू लागला, म्हणजे त्याच्या हातात धानच येऊन राह्यलं. मंग समज, गिरणी नुसती नावाले आहे.”

पण मागचा नाचला म्हणून लगेच गिरणी बदलायची नाही, असंही त्यांनीच शिकवलं. आधी नळीला कुठं भोक आहे का पाहा, जोडावर साबणाचं पाणी टाका, बुडबुडे येतात का बघा. बाहेरची हवा आत शिरली की सेन्सर खोटी साक्ष देतो. मग इंजिन चांगलं तापवा आणि गिरणीच्या आधीची नि नंतरची गरमी मोजा. काम करत असेल तर मागची बाजू जास्त तापते.

त्या दिवशी घरी जाऊन मी वडिलांना हे सगळं सांगितलं. माझ्या शिक्षणातली एखादी गोष्ट त्यांनी मध्येच न उठता ऐकण्याची ती पहिली वेळ. ऐकून झाल्यावर म्हणाले, “म्हणजे गाडीतही मुकादम असते तं.” आणि बराच वेळ स्वतःशीच हसत राहिले.

गरमी मोजायला आमच्याकडे पिस्तुलासारखं यंत्र होतं. लांबून लाल ठिपका टाकला की आकडा दाखवायचं. काकाजींना ते फार प्रिय. चहा आला की त्याच्यावर ठिपका, मालक उन्हातून आले की त्यांच्या टकलावर ठिपका. एकदा उकवा गावच्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाकडे वळून त्यांनी ते सहज उचललं, तर त्या बिचाऱ्यानं दोन्ही हात वर केले. काकाजी गंभीरपणे म्हणाले, “घाबरू नका. फक्त ताप पाह्यतो.”

त्यांच्यात एक गोष्ट नव्हती. ‘मला माहीत नाही’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. बालाघाटात बॅटरीवर चालणाऱ्या कार नुकत्याच दिसू लागल्या होत्या, तेव्हा तशी एक आमच्याकडे टायर बदलायला आली. काकाजींनी तिच्याभोवती फेरी मारली, मागून वाकून पाहिलं, पुढून वाकून पाहिलं. सायलेन्सर कुठंच नव्हता. जरा वेळानं उठून म्हणाले, “याची गिरणी कंपनीनं आतच ठेवली.” आम्ही सगळे तोंड फिरवून हसलो. त्यांनाही ते कळलं असावं, पण त्यांनी शब्द मागे घेतला नाही. तेव्हा मला ती गंमत वाटली. एखाद्या माणसाच्या स्वभावातली गंमत आपल्यावरच कधी उलटेल, याचा विचार आपण हसताना करत नाही.

त्या वर्षी इंदूरला एका कंपनीचं ट्रेनिंग निघालं. नव्या गाड्यांचे सेन्सर, स्कॅनर, सगळं. आमच्या गॅरेजमधून एकालाच पाठवायचं होतं. तिथलं प्रमाणपत्र मिळालं की मोठ्या शोरूममध्ये उभं राहता येतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मालकांना माझं नाव काकाजींनीच सुचवलं. मी त्यांच्या मागेच पाना पुसत उभा होतो.

“याले पाठवा. पोरगं वाचते, समजते, उलटून बोलत नाही.”

घरी सांगितलं तेव्हा वडिलांनी माझ्यासाठी नवी बॅग आणली. ती खुंटीला टांगून ठेवली होती, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती कशासाठी आहे हे आई सांगायची.

आणि मग ती गाडी आली.

बैहरच्या पुढं जंगलाकडे एका साहेबांचं रिसॉर्ट होतं. त्यांनी बाहेरच्या राज्यातून एक जुनी, मोठी पेट्रोल गाडी आणली होती. आमच्याकडे येणाऱ्या गाड्या साध्या, चार सिलिंडर एका ओळीत असलेल्या. त्यांत एकच गिरणी, दोनच सेन्सर; चुकायला जागाच नाही. या गाडीला सहा सिलिंडर होते, तीन इकडच्या बाजूला, तीन तिकडच्या. म्हणजे दोन गिरण्या आणि प्रत्येकीवर दोन पहारेकरी. अशा इंजिनाच्या एका बाजूला ‘बँक एक’ म्हणतात, दुसऱ्या बाजूला ‘बँक दोन’. स्कॅनरवर आलं : बँक दोनचा पुढचा सेन्सर खराब, बँक दोनचा कन्व्हर्टर कमजोर.

बँक दोन म्हणजे कोणती बाजू? सगळा प्रश्न एवढाच होता.

मी मोबाइलवर शोधून काढलं. इंग्रजीत लिहिलं होतं की ज्या बाजूला पहिला सिलिंडर, ती बँक एक. सोबत एक चित्र होतं. मी ते काकाजींना दाखवलं.

त्यांनी चष्मा लावला. “या चित्रात ड्रायव्हर कुठं बसला?”

“डावीकडं. बाहेरच्या देशातलं चित्र आहे.”

“आणि बँक दोन कोणत्या बाजूले दाखवली?”

“डाव्या.”

“म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूले. बरोबर? तिकडं ड्रायव्हर डावा, म्हणून बँक दोन डावी. आपल्याकडं ड्रायव्हर उजवा. म्हणून बँक दोन उजवी. ड्रायव्हरची बाजू म्हणजे दोन नंबर. ध्यानात ठेव.”

ऐकायला ते इतकं सरळ वाटत होतं. आपल्या देशात स्टिअरिंग दुसऱ्या बाजूला असतं हे लहान मूलही जाणतं. फक्त स्टिअरिंग सरकलं म्हणून इंजिन सरकत नाही, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या मनात मात्र थोडं खटकत होतं. मी म्हणालो, “काकाजी, एक सेन्सरचा प्लग काढून पाहू का? उजवीकडचा काढला आणि स्क्रीनवर बँक दोनची रेघ मेली, तं पक्कं होईन.”

त्यांनी चष्मा काढला. शेजारी दोघं-तिघं उभे होते. “म्हणजे माह्यावर भरोसा नाही तुले?”

“तसं नाही, काकाजी.”

“चालू गाडीचा प्लग काढून अजून एक बिमारी लावशीन. मी सांगून राह्यलो ना. खोल उजवी बाजू.”

मी खोलली. त्या बाजूचा सेन्सर वर्षांच्या उष्णतेनं नळीला चिकटला होता. तेल सोडलं, वाट पाहिली, पुन्हा पाना लावला. निघाला, पण नळीतले आटे घेऊनच निघाला. आटे पुन्हा पाडून नवा सेन्सर बसवला, उजवीकडची गिरणीही उतरवली आणि नागपूरहून मागवलेली नवी बसवली. स्कॅनरवरून जुना दोष पुसला, दिवा विझला. काकाजींनी हातोडीनं टकटक केली, म्हणाले, “जित्ती आहे,” आणि चहा झाला.

साहेबांची गाडी घाट चढून बैहरला पोचायच्या आत दिवा पुन्हा पेटला.

तिथल्या एका मिस्त्रीला गाडी दाखवून ते परत आले तेव्हा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. किल्ली टेबलावर ठेवून मालकांना म्हणाले, “आपने मेरी अच्छी वाली चीज़ निकाल दी और खराब वाली छोड़ दी। कल से मेरे रिसॉर्ट की कोई गाड़ी इधर नहीं आएगी।”

मालक बाहेर आले. गॅरेजमधले सगळे गोळा झाले. मालक मला म्हणाले, “टेस्ट करके बता। अभी, सबके सामने।”

मी इंजिन चालू केलं, स्कॅनर लावला, आणि डाव्या बाजूच्या पुढच्या सेन्सरचा प्लग काढला. पडद्यावर बँक दोनची रेघ झटक्यात खाली पडली आणि सपाट झाली. याहून स्पष्ट उत्तर कोणतंच नव्हतं. बँक दोन डावीकडे होती. आम्ही उजवी बाजू उपसून टाकली होती.

“तो राइट साइड खोलने को किसने बोला था?”

मी बोलायची गरजच नव्हती. काकाजी माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते, आणि मला खात्री होती की ते आता म्हणतील, ‘मी सांगतलं, सेठ.’ एवढंच. त्यांना कोणी काही बोललं नसतं. त्यांचं वय, त्यांचा मान. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते कापडानं हात पुसत होते, एकेक बोट.

“मी तं याले असं नाही सांगतलं,” ते म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता, जरा समजावणीच्या सुरात, “बापू, पुस्तक तं तूच वाचते. आम्हाले कुठं इंग्रजी येते?”

कोणीतरी हसलं. मालक म्हणाले, “ग्रॅज्युएट।” एवढाच शब्द, आणि आत गेले.

त्या दिवशी आमचं बोलणं ऐकलेले दोघं-तिघंही पुढं आले नाहीत. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना काकाजींच्या हाताखाली काम करायचं होतं. पण मी त्या क्षणी जे ऐकलं ते मला आधी समजलंच नाही. मला वाटलं, ते विसरले असतील, आता आठवेल. मी तिथं प्लग हातात धरून उभा राहिलो, त्यांना आठवण्याची वाट पाहत. ते चहा सांगायला गेले.

इंदूरचं माझं नाव कापलं गेलं. मालक म्हणाले, तू आधी इथलंच नीट शीक. ते वाईट माणूस नव्हते; त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं.

दोन-चार दिवसांनी, रविवारी, काकाजी आमच्या घरी आले. राजेगावच्या रस्त्यावर आमचं गाव, तिथवर आपल्या जुन्या मोपेडवर आले, हँडलला पेरूंची पिशवी लावून. वडिलांनी खाट अंगणात काढली. मी पाणी आणलं. मला वाटलं, ते आता बोलतील. गॅरेजमध्ये लोक होते, इथं नाहीत.

“पोरगं चांगलं आहे तुमचं,” ते वडिलांना म्हणाले. “शिकणाऱ्याच्या हातून चूक होतेच. सेठ लय चिडले होते, काढूनच टाकत होते. मी म्हटलं, राहू द्या, मी पाह्यतो. सांभाळून घेतलं.”

वडिलांनी खाटेवरून उठून हात जोडले. पोती उचलून ज्यांची बोटं आता पुरती सरळ होत नाहीत ते हात. “तुमचे उपकार आहेत, मिस्त्रीजी. आमच्या इकडं कोणी शिकलेलं नव्हतं, याले सांगणारं कोणी नाही. तुम्हीच पाह्यजा.”

“पाह्यतो ना. माह्याच पोरासारखा आहे.”

आई आतून म्हणाली, “जेवूनच जा, भाऊजी.” ते जेवले. वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली.

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. मोपेडला किक मारण्याआधी मी विचारलं, “काकाजी, तुम्ही तसं काहून बोलले?”

त्यांनी रिकामी पिशवी घडी घालून खिशात ठेवली. मग अगदी सहज, जणू एखादी गोष्ट कुठं मिळते ते सांगावं तसं म्हणाले, “तुह्यं वय आहे, बापू. डिग्री आहे. तुले कुठंही जागा भेटन. मले आता कोण ठेवन?”

आणि किक मारली.

मला तेव्हा वाटलं होतं की कारण कळलं म्हणजे दुखणं कमी होतं. तसं होत नाही. ते विसरले असते तर मी त्यांना माफ केलं असतं. ते चुकले असते तर प्रश्नच नव्हता. चूक तर आम्हा दोघांची होती. पण त्यांनी विचार केला होता. त्या हात पुसण्याच्या वेळात त्यांनी हिशेब लावला होता की दोघांपैकी कोणाला टाकून दिलं तर चालेल, आणि ते मी होतो. आणि मग माझ्याच वडिलांकडून त्याचे आभार घेऊन ते जेवून गेले होते.

इंदूरला शेवटी काकाजीच गेले. ट्रेनिंग हिंदीत होतं. परत आले तेव्हा माझ्यासाठी शेवेचं पाकीट आणलं. “लसणाची आहे. तुले आवडते ना?” मला आवडत होती. सगळ्यांत वाटून टाकली. त्यानंतर गाडी कोणतीही असो, ते आधी विचारू लागले, “पहिला सिलिंडर कुठं आहे?” जणू जन्मल्यापासून हेच विचारत आले होते. मला पाहून आवाज जराही खाली येत नसे.

माझ्याशी वागण्यात काही फरक पडला नाही. डब्यातली चटणी अजूनही आधी माझ्या पोळीवर वाढत. मला सर्दी झाली की त्या पिस्तुलाचा लाल ठिपका माझ्या कपाळावर. मला मात्र त्यांच्याशेजारी फरशीवर बसता येईना. ते काही शिकवत असले की मी मान हलवायचो आणि मनात म्हणायचो, हे आधी पाहून घेतलं पाहिजे. शिकवणाऱ्याकडे तशा नजरेनं पाहावं लागणं हे फार वाईट असतं. पुढच्या पावसाळ्याआधी मी ती जागा सोडली.

गोंदियाला एका खासगी आयटीआयमध्ये मला शिकवण्याचं काम मिळालं. आजही तेच करतो. ऑक्सिजन सेन्सरचा धडा आला की मी गिरणी आणि दोन मुकादम सांगतो, कारण त्याहून चांगलं मला सुचलेलं नाही. आणि बँक ओळखायची असेल तर आधी प्लग काढायला लावतो. कोणी म्हणालं की सर, तुम्ही सांगितलं ना, मग काढायचा कशाला, तर सांगतो, मी सांगितलं म्हणूनच काढ.

काकाजी गेल्याची बातमी मला उशिरा कळली, म्हणून थेट तेराव्या दिवशी, तेरवीलाच पोचलो. घर त्यांचंच, जुन्या वस्तीतलं, आणि दुपारची पंगत अंगणात बसली होती. त्यांच्या पत्नी, काकूजी, ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी पाया पडलो. त्यांनी मला ओळखलं, नाव घेतलं आणि शेजारी बसायला सांगितलं. “तुह्यी लय आठवण काढायचे,” म्हणाल्या. 

आमच्यासमोर एक तिशीतला माणूस येऊन बसला. मी सोडल्यावर तो गॅरेजमध्ये लागला होता, आता तिथला मुख्य मिस्त्री तोच होता. मला ओळखत नव्हता. काकूजींचं मन रमावं म्हणून की काय, तो काकाजींच्या गोष्टी सांगू लागला. रबरी हातोडीची सांगितली, ताप मोजण्याची सांगितली. काकूजी पदरानं डोळे पुसत ऐकत होत्या.

“आणि एक गोष्ट तं ते प्रत्येक नव्या माणसाले सांगायचे,” तो म्हणाला. “आधी गॅरेजात एक ग्रॅज्युएट पोरगा होता. शिकलेला, पण ऐकणारा नाही. एक मोठी गाडी आली होती, सहा सिलिंडरची. थो म्हणे, पुस्तकात लिहिलं आहे, ड्रायव्हरची बाजू म्हणजे बँक दोन. काकाजी म्हणे, बापू, असं नसते, आधी प्लग काढून पाह्य, कोणती रेघ मरते थे पाह्य. पोरगा म्हणे, मले शिकवू नका, मी बी.एस्सी. आहे. खोलली ना उलटी बाजू. सेठ त्याले काढूनच टाकत होते. काकाजींनी सोताच्या अंगावर घेतलं आणि त्याले वाचवलं.”

काकूजींच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदाच थोडं हसू आलं असावं. “असेच होते ते,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्याचं सोतावर घ्याचे.”

माझं वाक्य काकाजींच्या तोंडी होतं. प्लगचं. आणि त्यांचं वाक्य माझ्या तोंडी. एवढी वर्षं, प्रत्येक नव्या माणसासमोर, ते ती दोन्ही वाक्यं अदलाबदल करून सांगत आले होते, आणि आता ती गोष्ट अशीच राहणार होती. सांगणारा गेला होता. ज्यांनी ऐकली होती ते सांगत राहणार होते. तिला दुरुस्त करता येईल अशी ही एकच वेळ होती, आणि ओसरीवर माझ्या हाताला हात लागेल इतक्या जवळ काकूजी बसल्या होत्या.

त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही होते का तवा गॅरेजात? ओळखत होते का त्या पोराले?”

“हौ,” मी म्हणालो. “ओळखत होतो.”

“मंग काय झालं त्याचं?”

काकूजीही माझ्याकडे वळल्या. तो पोरगा मीच, हे त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, ते मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं नाही.

“शिकला तो,” मी म्हणालो, आणि पंगतीत जागा झाली होती म्हणून उठलो.